भाऊंच्या घराचा सौदा

"काकू, आम्ही दोन-चार फ्लॅट घेतो-विकतो, मग एजंटचं लायसन आपलं आपणच काढलं तर?" असं हल्ली कोणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. काढा की! परीक्षा द्या, फी भरा, दलाली वाचवा. मी तेच केलं. पण त्यात माझं काय गेलं, तेही ऐकून जा.

सरकारी प्रेसमधून रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून मी जेलरोडला पहिला फ्लॅट घेतला, तो भाऊंमुळे. भाऊ म्हणजे आमचे एजंट. रक्ताचं नातं नाही, पण दर भाऊबीजेला मी त्यांना ओवाळायची. स्कूटरवर मागं बसवून त्यांनी मला पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत हिंडवलं. एका प्लॉटसाठी मी हटूनच बसले होते, तर म्हणाले, "ताई, हा नाय घ्यायचा. पावसाळ्यात इथं नाल्याचं पाणी कमरेएवढं चढतं." स्वतःची दलाली स्वतःच बुडवली. असा माणूस.

पुढं एजंटांना परीक्षा सक्तीची झाली. मी म्हटलं, आपणही बसू, दर सौद्याला भाऊंना पैसे कशाला द्यायचे? हे मी त्यांच्या तोंडावर म्हणाले बरं का. ते हसले. "बसा ना ताई, मलाही सोबत होईल." माझ्याच डायनिंग टेबलवर आम्ही अभ्यास केला. कलमं मी वाचायची, शेव ते आणायचे. पण त्यांचं कसं, पुस्तकात काय लिहिलंय ते सोडून आपण काय केलं असतं तेच सांगायचे. गिऱ्हाइकाची तक्रार आली तर काय कराल? "घरी जाऊन बसायचं. तिढा सुटेपर्यंत उठायचं नाय." अहो भाऊ, पर्यायांत ते नाहीच! मी पहिल्या फटक्यात पास. ते दोनदा नापास.

मग एका संध्याकाळी आले. म्हणाले, "ताई, सौदे मी आणतो, सही तुमची लावू. दुसरं काही येत नाय मला."

आणि मी करंटी काय बोलले? "माझं लायसन भाड्यानं द्यायला नाही काढलेलं." नियमानं मी चूक नव्हते. पण तेच हळू सांगता आलं असतं, तिसऱ्यांदा त्यांना घेऊन अभ्यासाला बसता आलं असतं. जिभेला हाड नाही माझ्या. ते "बरंय" म्हणून उठले. त्या भाऊबीजेला आले नाहीत. मीही ताठ्यात फोन केला नाही.

यंदा फोन आला तो त्यांचाच. राहता फ्लॅट विकून सटाण्याकडं गावी परत जायचं म्हणे. इथं काम उरलं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, स्वतःचं घर विकायला तुम्हाला एजंट कशाला?" तर म्हणाले, "तीस वर्षं लोकांना सांगत आलो, राहत्या घराचा सौदा स्वतः करू नये, माणूस मऊ पडतो. आता तो नियम मीच कसा मोडू?"

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग कामाला लागले. गिऱ्हाईक आणलं, किंमत ताणून घेतली. इसाराच्या दिवशी कागद झाले, चेक दिला-घेतला, आणि दोन्हीकडची माणसं माझ्याकडे बघत थांबली. मला कळेचना. इसार झाला की मध्यस्थानं दोन्ही बाजूंच्या हातावर साखर ठेवायची, हा इथला रिवाज. आजवर ती भाऊंनीच ठेवलेली. मी आपली खाणारी. लायसन मिळाल्यापासून मी फक्त माझेच व्यवहार केले, तिथं कोण साखर वाटतंय!

भाऊंनी शर्टच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. "तुम्ही वाटा ताई. मध्यस्थ तुम्ही." आणि घेणाऱ्याच्या शेजारी उभं राहून त्यांनी हात पुढं केला.

मी त्यांच्या तळहातावर साखर ठेवली. 'भाऊ, चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. पण लोक होते समोर. मी म्हणाले, "अभिनंदन."