कोरड्या नाल्यातली कॉफी

"थांबा. आता कोणी बोलू नका. पानी चढून राह्यलं."

एवढं म्हणून चाचा तर्जनी वर करायचे आणि किटलीकडे कान लावायचे. गस्त घालून दमलेली आम्ही चार-पाच माणसं तिथल्या तिथं गप्प व्हायचो. आधी काहीच ऐकू यायचं नाही. मग किटलीच्या पोटात कुठंतरी 'बुड' व्हायचं. थोड्या वेळानं दुसरं. झाकणावरच्या काचेत पाण्याची उडी दिसली की चाचांचं बोट खाली यायचं. "चढली," ते म्हणायचे, घरातलं पोरगं दहावी पास झाल्यासारखं.

तुमच्याही नोकरीत किंवा आळीत असा एखादा माणूस असेल. त्याचं एक खूळ सगळ्यांनी मान्य केलेलं असतं, आणि त्या खुळापायीच तो सगळ्यांना आवडत असतो. चाचांचं खूळ कॉफीचं होतं. ज्या मुलखात पाहुण्याला पाण्याआधी चहा विचारतात, तिथं हा माणूस जंगलात कॉफी करायचा.

चाचा वनपाल होते, रोहिणखेडचे. मी त्यांच्या हाताखाली वनरक्षक म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांची जवळजवळ तीस वर्षं जंगलात गेली होती. मी अमडापूरची. शेतात राबायची सवय होती, पण जंगलाची नव्हती. पहिल्या दिवशी मी त्यांना 'साहेब' म्हटलं तर म्हणाले, "साहेब हापिसात राह्यते. इथं चाचा म्हण. अन् बूट बदल, बाई. हे बूट लग्नाचे हायेत."

ती किटली त्यांना दक्षिणेकडच्या एका साहेबांनी बदली होऊन जाताना दिली होती. तिला पर्कोलेटर म्हणतात हे मला फार नंतर कळलं. आत मधोमध एक उभी नळी, नळीच्या डोक्यावर बारीक भोकांची वाटी, वाटीत कॉफीची भरड. खाली पाणी उकळलं की नळीतून वर चढायचं, भरडीवर पडायचं, गाळून खाली यायचं आणि पुन्हा चढायचं. झाकणावर रंग पाहायला मुळात काचेची टोपी होती. ती फुटली तेव्हा चाचांनी गुरांच्या इंजेक्शनची रिकामी बाटली उलटी करून तिथं घट्ट बसवली. तिच्यात पाणी आधी पांढरं उडायचं, मग फिक्या चहासारखं, मग गडद. "झाडाच्या सालीचा रंग आला का उतरवाची," चाचा सांगायचे. "त्याच्या म्होरं गेली का ते दवाई होते."

बियांसाठी ते महिन्यातून एकदा बसनं नांदुऱ्याला जायचे. स्टेशनजवळ एक दुकानदार खास त्यांच्यासाठी मागवून ठेवायचा. चाचींनी त्या खलबत्त्यात कुटायच्या, आणि रव्याएवढ्याच. जरा बारीक झालं की वाटीच्या भोकांतून गाळ खाली यायचा आणि चाचांचा दिवस खराब जायचा. "काल माह्यं अन् तिचं भांडण झालं," ते आम्हाला दु:खानं सांगायचे, "आज कॉफीत चिखल हाय."

आमच्या रोजंदारीच्या मजुरांमध्ये रुखमाबाई होती. पन्नाशीची, काटक, तोंडाची फटकळ. जाळरेषेवरचं, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरचं, गवत कापायला तिच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. पहिल्यांदा कॉफी प्यायली तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं. "हे काय व माय! जळक्या तुरीचं पानी." दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यांच्या आधी कप घेऊन बसली. चाचा म्हणाले, "काऊन? तुरीचं पानी पाह्यजे?" ती म्हणाली, "तोंडाले लागलं ना मेलं." त्यानंतर तिच्या कपात चाचा साखर विचारून नव्हे, तिच्या तोंडाकडे पाहून घालायचे.

कॉफी झाल्यावरचं काम मात्र चाचा कोणाला करू देत नसत. नाल्याच्या रेतीत तीन दगड मांडून केलेली ती चूल ते स्वतः विझवायचे. आधी पाणी, मग रेती, मग काडीनं उकरून पुन्हा पाणी. शेवटी डावा हात राखेवर उताणा नाही, पालथा ठेवायचे आणि मनात काहीतरी मोजायचे. डावाच का, असं मी एकदा विचारलं. "उजवा जेवाचा हाय," ते म्हणाले. राख गार लागली की उठायचे. आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत तर उघड्यावर विस्तवच नाही. तेव्हा कॉफी फक्त चौकीत, शेगडीवर. हा नियम खात्याचा होता, पण खात्यापेक्षा चाचांचा जास्त होता.

तो नियम मी मोडायला लावला.

मार्च संपत आला होता. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची, दोन दिवस तापानं फणफणलेली. मी जागून आले होते आणि गस्तीवर आम्ही दोघंच होतो. डोकं फुटायला आलं होतं. कोरड्या नाल्यात बसलो तेव्हा मी म्हणाले, "चाचा, कॉफी करा ना. इथंच."

"येडी झाली का? महिना कोणता हाय?"

"रेतीतच तर करायची. चार काटक्या. चौकीपर्यंत माझे पाय चालणार नाहीत."

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग चौकीत न्यायची किटली त्यांनी पिशवीतून काढली. त्या दिवशी त्यांनी बोट वर केलं नाही. घाईघाईत केली, मला एक कप दिला, स्वतः अर्धा घेतला. तेवढ्यात वायरलेसवर निरोप आला. पलीकडच्या शिवारात विहिरीत नीलगाय पडली होती आणि गावचे लोक दोर टाकून तिला ओढत होते. आम्ही उठलो. मी कप न धुताच पिशवीत टाकले, एवढं मला आठवतं. चाचा चुलीशी वाकलेले होते, एवढंही आठवतं. त्यापुढचं आठवत नाही. मी पुढे चालू लागले होते.

दुपारी एकच्या सुमाराला त्या विहिरीवरूनच धूर दिसला. आम्ही पोचलो तोवर नाल्याच्या वरचा सगळा उतार पेटला होता. त्याच उतारावर मोहाची झाडं होती. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला लोक जाळतात, त्या आठवड्यातही जाळत होते. म्हणजे आग कुठूनही लागली असेल. हे मी तेव्हाही स्वतःला सांगत होते.

मजूर ओल्या डहाळ्या घेऊन आग झोडपत होते. रुखमाबाई सगळ्यांच्या पुढे होती. वारा फिरला आणि आग दोन्ही बाजूंनी तिच्यावर आली. तिच्या लुगड्यानं पेट घेतला. चाचांनी अंगावरचा शर्ट काढून तिला गुंडाळलं. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्ताभर ती एकच विचारत होती, "मॅडम, माह्ये हात हायेत ना? हात हायेत ना माह्ये?"

तिसऱ्या दिवशी ती गेली.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली एक बाक होता. तिचा नवरा आत कागदांवर अंगठे देत होता. चाचा माझ्याशेजारी येऊन बसले. दाढी वाढलेली, डोळे कोरडे.

"बाई, एक विचारू? खरं सांगशीन?"

"विचारा."

"त्या दिवशी मी राखीवर हात ठेवला होता का? मले याद येत नाही. तीन दिवस झाले, मी तेच पाहून राह्यलो. पानी टाकलं, हे दिसते. रेती टाकली, हे बी दिसते. हात दिसत नाही."

"ठेवला होता, चाचा," मी लगेच म्हणाले. "मी पाहिला ना."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"कोणता?"

"उजवा," मी म्हणाले.

तोंडातून शब्द गेला आणि मला कळलं. चाचांनी मान हलवली. "बरं," एवढंच म्हणाले. चिडले नाहीत. उलट, माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

चौकशी लागली. आदल्या दिवशी दुपारी चाचा माझ्या खोलीवर आले. म्हणाले, "मी सांगून टाकतो. चूल मी पेटवली, माह्या एकट्याचं नाव सांगतो. तुह्यं काई नाही."

मी त्यांच्या पाया पडले. आज हे लिहिताना हात अडतो, पण पडले. मी म्हणाले, "गस्तीच्या वहीत दोघांची नावं आहेत. तुम्ही बोललात की मला विचारतील. माझी नोकरी अजून कच्ची आहे, चाचा. लेकीला घेऊन मी कुठं जाऊ?" लेक तिथंच चटईवर खेळत होती. तिचा ताप उतरला होता. चाचा तिच्याकडे बघत राहिले.

"त्या माउलीचं काय मंग?" त्यांनी विचारलं.

"ती आता परत येणार आहे का?"

असं मी म्हणाले. मीच.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, त्या सकाळी जंगलात कुठं विस्तव केला होता का. मी चाचांच्या आधी बोलले, "नाही, साहेब." अधिकाऱ्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा भिंतीकडे पाहत होते. मग ते म्हणाले, "नाही."

अहवालात आग अज्ञात व्यक्तीनं लावल्याचं आलं. संशय मोहफुलं वेचणाऱ्यांवर राहिला. पुढच्या वर्षी त्या उतारावर गावाला मोहफुलं वेचू दिली नाहीत, आणि गावात कोणी पेटवलं यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. सगळं आमच्या डोळ्यांसमोर.

चाचा कामावर येत राहिले. पण कॉफी बंद झाली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पोटाले सोसत नाही." गस्तीवर ते मधेच थांबायचे आणि जमिनीवर हात ठेवायचे. जिथं काहीच जळलेलं नाही, तिथंही. मग माझ्याकडे न पाहता पुढे चालायचे. माझ्याशी कामापुरतं बोलायचे, पण आवाज पूर्वीसारखाच मऊ. मला वाटायचं, एकदा शिवी द्यावी, हात उगारावा. त्यांनी कधीच तसं केलं नाही. माझी नोकरी कायम झाल्याचा कागद आला तेव्हा सगळ्यांना पेढे दिले. चाचांनी पेढा घेतला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला. "घरी खाईन," म्हणाले.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी निवृत्तीचा अर्ज दिला. अजून दोन वर्षं होती. कोणालाच कारण कळलं नाही.

मी एकदा रोहिणखेडला गेले. चाची दारातच भेटल्या. चाचा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आवाज दिला, "चाचा, मी आले."

"बस, बाई," ते म्हणाले. वळले नाहीत.

चाचींनी चहा केला. हळूच सांगू लागल्या, "जेवत नाही, झोपत नाही. किटली भंगारवाल्याले देऊन टाकली. मी म्हटलं, एवढी जिवाची चीज, काऊन देता? तर म्हणे, मले तिचा आवाज येते. बंद ठेवली तरी येते. चुलीपाशी मले निवांत बसू देत नाही. मी सैपाक करते, तोपर्यंत बाहेर उभे राह्यतात, अन् मंग येऊन राख पाह्यतात. दिवसातून धा वेळा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या संगं होते ना ते इतकी वर्षं? काय झालं, तुमाले काई माहीत हाय का?"

"नाही, चाची," मी म्हणाले.

खाटेवर चाचा जागे होते. त्यांनी ते ऐकलं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

दीड वर्षानं चाचा गेल्याचा फोन आला. मी पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. तशीही बाईमाणूस म्हणून मी कब्रस्तानात जाणार नव्हते. बायकांमध्ये बसले. चाची माझा हात धरून रडल्या आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "ह्या त्यांच्या लेकीसारख्या."

त्या दिवशी मी ठरवलं होतं की रुखमाबाईच्या घरी जाऊन सगळं सांगायचं. ठरवून चार महिने गेले. मग एका बाजारच्या दिवशी मोताळ्याला तिचा नवराच समोर दिसला. पोतं अंथरून भाजी विकत बसला होता. मला पाहून उठून उभा राहिला.

"मॅडम, तो तुमचा वनपाल वारला म्हणते."

"हो."

"आला होता माह्या घरी. वारायच्या आधी. काठी टेकत आला. म्हणे, त्या दिवशी मी नाल्यात चूल पेटवली होती, ती माह्याच्यानं विझली का नाही मले ठाव नाही. मी इचारलं, संगं कोण होतं? म्हणे, कोणी नाही. एकटाच होतो." तो भाजीवर पाणी शिंपडत बोलत होता. "मी काय बोलू? म्हटलं, जा बाबा आता. तो जाईच ना. ओट्यावरच बसला सांजलोक. त्याले पानी बी नाही देल्लं मी, मॅडम. आता वाईट वाटते."

मी तोंड उघडलं. गळ्याशी शब्द आले होते, हे मी खरं सांगते.

तेवढ्यात त्यानं मेथीच्या दोन जुड्या उचलून माझ्या पिशवीत टाकल्या. मी पैसे काढायला लागले तर हात आडवा केला.

"राहू द्या. तिचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. तेवढं कोणी केलं नसतं."

मी मेथी घेतली. बस पकडून घरी आले. ती निवडली, धुतली, रात्रीच्या जेवणात भाजी केली. लेकीनं दोनदा मागून घेतली.