थांबण्याचं कारण: माल नाही

"हाताकडे नको बघू रे, हात रिकामा कधी होतो ते बघ."

विक्रोळीच्या मिक्सर कारखान्यात मी नवीन लागलो तेव्हा सरांनी पहिल्या तासात हे मला तीनदा ऐकवलं. कुठल्या कामात वेळ कुठे जातो ते शोधायचं आणि तो वाचवायचा, हे आमचं खातं. खात्यात माणसं दोन, सर आणि मी. सर लाइनच्या बाजूला हात मागे बांधून तासन्‌तास नुसते उभे राहायचे. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, या माणसाला पगार तरी कशाचा देतात?

एकदा पॅकिंग रोज मागे पडायला लागलं. मॅनेजरने नवीन यंत्र आणलं, तरी फरक शून्य. सर दोन दिवस तिथे उभे राहिले. निघालं काय, तर वॉरंटी कार्डं सुपरवायझरच्या कपाटात आणि किल्ली त्याच्या खिशात. तो चहाला गेला की सगळी लाइन हातावर हात ठेवून बसायची. सरांनी किल्लीसाठी भिंतीत एक खिळा ठोकला आणि मॅनेजरला एवढंच म्हणाले, "यंत्र परत करा."

घरीही तेच. बोरीवलीला त्यांच्याकडे जेवायला गेलो तर काकू म्हणाल्या, "यांनी माझ्या मोहरीच्या डब्याची जागा बदलली. पोह्यांची दोन मिनिटं वाचतात म्हणे. आता डबा शोधण्यात माझी पाच जातात, ते कोण मोजणार?" सर मान खाली घालून हसत होते.

कारखान्यात मोजून बोलणारे सर एका माणसापाशी मात्र मोकळे व्हायचे. ते लाइनवरचे तावडेमामा. दोघं मालवणकडच्या एकाच गावचे, एकाच शाळेतले. "काय रे, बरो आसस मा?" असं सर विचारायचे आणि मामांचा चेहरा फुलायचा. मामांच्या निवृत्तीला तेव्हा अकरा महिने उरले होते.

त्याआधीच्या सहा महिन्यांपासून मामांच्या टेबलावर काम वरचेवर अडायचं. रोजच्या तक्त्यात सर त्यापुढे लिहायचे, "थांबण्याचं कारण: माल नाही." मला वाटलं, चला, आपणही काहीतरी शोधून दाखवू. सर रजेवर असताना मी दिवसभर मामांच्या बाजूला उभा राहिलो. मालाची ट्रॉली भरलेली होती. थरथरत होती ती मामांची बोटं. स्क्रू पडायचा, ते वाकून उचलायचे, तो पुन्हा पडायचा. मला बघून ओशाळं हसायचे.

मी ते सगळं मिनिटांसकट लिहिलं आणि मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. केवढी ऐट होती मला! मामांना लाइनवरून काढून गोदामात बसवायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

रजेवरून आल्यावर सरांनी माझा कागद दोनदा वाचला. सहा महिने त्यांनी तक्त्यात खोटं का लिहिलं, ते मला त्यांचा चेहरा बघून कळलं.

"बरोबर मोजलंस," ते म्हणाले. मग कागदाची घडी करून खिशात घालत, "मामांना मी सांगतो. तू नको येऊ."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना आज लाज वाटते.

गोदामात मामा आठवडाभर बसले आणि नोकरी सोडून गेले. पुढे सरही निवृत्त झाले. त्या मीटिंगपासून सात वर्षं मी त्यांची माफी मागायला बोरीवलीला जायचं ठरवत होतो. गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत त्यांचा फोटो ठेवलेला होता आणि काकू त्यावरचा हार सारखा करत होत्या.

कोपऱ्यात तावडेमामा बसले होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. मला ओळखलं त्यांनी.

"त्यानंच माझं नाव वर दिलं," मामा फोटोकडे मान करून म्हणाले. "घरी येऊन तोंडावर सांगितलं, मीच दिलं म्हणून. सात वर्षं मी बोललो नाय त्याच्याशी. दर गणपतीत यायचा माझ्याकडे. मी दार लोटून घ्यायचो."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"मामा, नाव मी दिलं होतं. सरांनी तर सहा महिने लपवलं होतं."

 मामांनी शिवी घातली असती तर बरं झालं असतं. पण ते भिंतीला धरून उठले, फोटोसमोर जाऊन बसले आणि हुंदके देत विचारायला लागले, "माका कित्याक सांगलंस नाय रे? माका कित्याक सांगलंस नाय?"