दादाची नस आणि माझी

दादाची अँजिओग्राफी नगरला झाली तेव्हा मी त्याच्यासोबत होतो. डॉक्टर म्हणाले, "ही नस कित्येक वर्षांपासून पूर्ण बंद आहे. तार आत जाणार नाही. बायपास यांना झेपणार नाही. गोळ्या घ्या आणि जड काम बंद."

दादा जामखेडला परत आला आणि बांधावर बसून राहू लागला. उभ्या आयुष्यात न बसलेला माणूस. ज्वारी वहिनी एकटीच काढायची. तिने कामाला हात लावू दिला नाही की तो चिडायचा, ताट सरकवायचा. थोडं चाललं तरी छातीत आवळून यायचं. एका दुपारी अंगणातच तो वारला.

पुढे काही वर्षांनी माझ्याही छातीत तसंच आवळायला लागलं. नस बंदच निघाली. मी मनातल्या मनात आवराआवर सुरू केली होती, पण नगरचे नवे डॉक्टर म्हणाले, "बंद आहे, पण उघडू."

टेबलावर मी जागा होतो. एक तार मनगटातून घातली, एक जांघेतून. पुढून वाट मिळेना, तेव्हा शेजारच्या नसेच्या केसाएवढ्या फांदीतून तार फिरवून मागच्या बाजूने आणली. मग फुगा, मग स्टेंट. पडद्यावर रक्त पुढे सरकलेलं मला दिसलं.

"हे आत्ताच निघालंय का?" मी विचारलं.

"आता तारा फार सुधारल्यात, काका. पण पुण्यात बऱ्याच वर्षांपासून करतात."

"माझ्या भावाच्या वेळी?"

त्यांनी साल विचारलं. मी सांगितलं. ते पडद्याकडेच बघत म्हणाले, "तेव्हाही होत होतं. सगळ्यांचं जमायचं नाही, पण होत होतं."

घरी आल्यावर वहिनी भेटायला आली.

"भावजी, तुमची बी तशीच नस हुती ना?"

"व्हय."

"उघडली?"

"उघडली. दादाच्या वेळीबी पुण्यात उघडत हुते, वहिनी."



"मंग पुन्याला जा म्हून कुनीच कसं सांगितलं न्हाई? आन मी येड्यावानी येळच्या येळी गोळ्या देत बसले."

चहा तसाच ठेवून ती उठली.

आता मी शेतात दिवसभर राबतो. गावातले म्हणतात, नशीबवान आहेस. वहिनी अजून भाजी पाठवते, नातीच्या हातून. स्वतः मात्र आमच्या दारात पुन्हा आली नाही.