धोंडिरामचा पिठ्ठू

धोंडिराम एकाहत्तरच्या लढाईत गेला तेव्हा जानकी एकोणीस वर्षांची होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मालवणाकडच्या घरी त्याची काळी पेटी तेवढी आली. कपडे, दाढीचं सामान, तिनेच दिलेला कंगवा. अंगावरचं सामान सरकारी, ते कुठलं यायला! पुढे दिराने तिला विक्रोळीला आणलं. तिथे बालवाडीत लोकांची मुलं सांभाळण्यात तिचा जन्म गेला. दुसऱ्या लग्नाचा विषय कुणी काढला की ती उठून पाणी भरायला जायची.

आता दीरही नाही. पुतण्या सुयोगची बायको मानसी दुपारची घरी असते. परवा तिला मोबाइलवर त्या लढाईची जुनी फिल्म सापडली. तिने ती टीव्हीवर लावली.

"काकी, बघवेल ना?"

"लाव गं."

चिखलातून जवान चालले होते. डोक्यावर जाळीचं हेल्मेट, कमरेला पाण्याची बाटली, पट्ट्याला अडकवलेलं छोटं फावडं. आणि पाठीवर पिठ्ठू. जानकी पुढे सरकली. धोंडिराम रजेवर आला होता तेव्हा तिने विचारलं होतं, त्या पिठ्ठूत असतं तरी काय? कांबळं, ताटली, जादा मोजे, असं सांगून तो हसला होता, "तुका पण भरून नेतलंय गो, पण जड होतलंस."

तो सांगायचा तसा पिठ्ठू ती पहिल्यांदाच बघत होती.

एक जवान वळून हसला. जानकीने पदर तोंडाला लावला. धोंडिराम नव्हता तो. पण केवढासा! इतकी वर्षं तिच्या मनातला नवरा तिच्याबरोबर म्हातारा होत आला होता, आणि इथे सगळी नातवंडांच्या वयाची पोरं.

"मानसी, सुयोगची ट्रेकिंगची सॅक काढ. डब्यातले तांदूळ भर त्यात."

"काकी, पाठीची वाट लागेल!"

"भर म्हणते ना."

पट्टे खांद्यावर आले तशी ती वाकली. मानसीने मागून सॅक उचलून धरली.

"सोड. कळू दे मला."

भिंतीला धरून ती खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. आता रडणार, असं मानसीला वाटलं. ती रडली नाही. खाडीकडचा वारा येत होता, तिथे उभी राहून म्हणाली,

"एवढं घेऊन धावायचा गं तो. आणि मी आपली रुसून बसायचे, पत्र का लिहीत नाही म्हणून."