कव्हराखालचं बेट

"एवढं इंग्रजी शाळेत घातलंत, आणि पोरगी वाचते काय, तर समुद्रकाठची लफडी!"

आत्या हे आईच्या कानात म्हणाली. पण सहार विमानतळाच्या दारात कानात बोललेलंही चार माणसांना ऐकू जातं. "वाचू दे हो वन्सं, विमानात वेळ जायला नको का?" आई म्हणाली. मी पर्समधली कादंबरी काढून धाकट्या बहिणीच्या हातात दिली आणि ट्रॉली ढकलत आत गेले. शेवटची प्रकरणं राहिली होती. भूमध्य समुद्रातलं बेट, एका उन्हाळ्यापुरती तिथे आलेली मुलगी आणि होड्या दुरुस्त करणारा एक तरुण. ती परत जाते की राहते, मला ठाऊक नव्हतं.

निघताना आई एवढंच म्हणाली होती, "विचारलं की सांगत जा गं. तू गप्प बसलीस की लोक तुझ्या वतीनं बोलतात."

जपानात, सेंदाईला, माझ्या वतीनं माझा नवरा शिरीष बोलायचा. लग्नानंतर तो पुढे आला होता, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून. लॅबमुळे त्याला जपानी यायचं. दुकानात, वॉर्ड ऑफिसात तोच बोलायचा. डेंटिस्टकडे दात माझा, पण कुठे दुखतंय ते सांगायचा शिरीष. प्रेमानंच करायचा सगळं, म्हणून तर काही म्हणता यायचं नाही. मी खोली तापवणाऱ्या रॉकेलच्या स्टोव्हजवळ बसून जपानीचे धडे गिरवायचे. बाहेर बर्फ. पुण्यात पंख्याखाली वाचलेलं ते बेट, ऑलिव्हची झाडं, पांढऱ्या भिंतींवरचं ऊन, सगळं आठवत राहायचं.

एका मोठ्या पुस्तकाच्या दुकानात, इंग्रजी पुस्तकांच्या कपाटात, मला तीच कादंबरी दिसली. काउंटरवरच्या मुलीनं मुखपृष्ठ पाहिलं, काहीतरी विचारलं. न कळताच मी मान डोलावली. तिनं भराभर कागद दुमडून पुस्तक त्यात पार झाकून टाकलं. माझे कान तापले. कोथरूडचा आमचा केमिस्ट सॅनिटरी नॅपकिन असेच वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. म्हणजे इथेही! आत्यानं सेंदाईतसुद्धा माणूस नेमून ठेवलाय की काय?

परतताना सबवेच्या गाडीत समोर पाहिलं. टाय लावलेले आजोबा, कॉलेजची मुलगी, भाजीची पिशवी घेतलेल्या बाई, ज्याच्या हातात पुस्तक त्याच्या पुस्तकाला कागद. शिरीषला सांगितल्यावर तो पोट धरून हसला. "अगं, सगळ्यांच्याच पुस्तकांना कव्हर घालतात! डिक्शनरी घेतली असतीस तरी घातलं असतं." कोण काय वाचतंय हे ज्याचं त्याच्यापाशी. त्या आठवड्यात कादंबरी संपवली. मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली.

वसंतात खालच्या मजल्यावरच्या कोबायाशी-सान विचारायला आल्या. वस्तीच्या सभागृहात काही बायकांना इंग्रजी पुस्तक वाचायचं होतं. मी दर आठवड्याला शिकवीन का? मला ते काम हवं होतं. इथे आल्यापासून मला इतकं हवंसं दुसरं काही वाटलं नव्हतं. "हो" मात्र शिरीषनं सांगितलं.

पहिल्या दिवशी तो सोबत आला. चपला काढून आम्ही टेबलाभोवती बसलो. कुठलं पुस्तक, असं कोबायाशी-साननी माझ्याकडे बघत विचारलं. शिरीष म्हणाला, "भारताच्या इतिहासावरचं एक चांगलं पुस्तक आहे." बायकांनी माना तिरक्या केल्या. "थोडं कठीण..." कोबायाशी-सान पुटपुटल्या. इथे कुणी 'नाही' म्हणत नाही, 'थोडं कठीण' एवढंच म्हणतात, हे तोवर मला कळलं होतं. शिरीषला अजून कळलं नव्हतं. तो दुसरा खंड सुचवू लागला. असंच चाललं, तर पुढच्या आठवड्यात कुणी येणार नाही, हे मला दिसत होतं.

तेव्हापासून बरेच उन्हाळे गेले. आई फोनवर अजून विचारते, "घरी कधी येतेस?" मी तारीख सांगते, आणि फोन ठेवल्यावर "घरी जाऊ या" म्हणत सायकल काढते ती सेंदाईतल्याच घराकडे. दोन्ही वेळा शब्द खराच असतो. कुणी हसलं तर हसू दे. पण दोन्हींना घर म्हणायची ही सवय त्या टेबलापाशी लागली, म्हणून तिथलंच पुढचं सांगते.

मी पिशवीतून कादंबरी काढली, तिचा कागद उतरवला आणि ती टेबलाच्या मध्यभागी ठेवली. निळा समुद्र, पांढरी घरं, हॅट घातलेली मुलगी, होडी दुरुस्त करणारा तरुण. सगळ्या पुढे वाकल्या. एकीनं तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. कोबायाशी-साननी सवयीनं शिरीषलाच विचारलं, "ही मुलगी शेवटी घरी परत जाते का?"

शिरीषनं पुस्तकाचं एक पान वाचलं नव्हतं. तरी त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"शिरीष, थांब," मी म्हणाले. "हे मी सांगते."

मग त्या बायकांकडे वळून, तुटक्या जपानीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही जात. आठवण येते तिला, खूप येते. पण ती राहते."