जर्सी धुऊन जमा करणे

माझी थोरली बहीण नऊ वर्षं देशाकडून रग्बी खेळली आणि नऊ वर्षांत तिला स्वतःची म्हणावी अशी एक जर्सी मिळाली नाही. आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते.

जर्सी यायच्या त्या पुरुषांच्या संघाने वापरून टाकलेल्या, पोत्यात कोंबलेल्या, न धुतलेल्या. घाम कुणाचा कोण जाणे, बादलीत हात मात्र माझे. ताईच्या जर्सीच्या बाह्या बोटांखाली लोंबायच्या. ती त्या दुमडून शिवायची आणि परत देताना टाके उसवायची, कारण संघटनेचा नियमच होता: सामन्यानंतर आठ दिवसांत जर्सी धुऊन जमा करणे.

ती पुढच्या फळीत खेळायची, म्हणजे समोरच्यांना डोकं लावून रेटायची. त्यात मान गेली, एक दात पडला, डावा कान कायमचा चुरगळला. संघटनेने विचारलं काय, तर जर्सी फाटली नाही ना.

आता ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे. पुन्हा दुसऱ्यांचेच कपडे, असं म्हणून ती हसते. मला नाही हसू येत.

मागच्या वर्षी जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरला. प्रत्येकीला जर्सी देणार, असं पत्र आलं. ताईने ते चारदा वाचलं आणि भिंतीवर खिळाही ठोकून ठेवला. मी म्हटलं, या लोकांचा भरवसा धरू नकोस.

सभागृहात अध्यक्षांनी पाऊण तास स्वतःचीच टिमकी वाजवली. मग ताईच्या अंगात जर्सी चढवली. नंबर भलताच, पण माप पहिल्यांदाच बाईचं. फोटो निघाला. ती पायऱ्या उतरते तोच सचिव हात पुढे करून उभे. फोटोपुरत्या तीनच शिवल्या होत्या म्हणे, ही पुढच्या बाईला घालायची होती. पंचवीस बायका रांगेत, आणि एकीच्या अंगावरून उतरवलेली दुसरीच्या अंगावर. शिसारी आली मला.

ताईने जर्सी काढली नाही. तिची मान सरळ होत नाही, म्हणून तिरकी बघत शांतपणे म्हणाली, "अशी घामाची कशी देऊ? धुऊन देते की. नियम तुमचाच आहे."

आणि तशीच, जर्सी घालून, घरी आली.

सचिवांचा अजून फोन येतो.

"वाळली नाही हो अजून," ताई सांगते आणि खिळ्यावरची जर्सी जरा सरळ करते.