निबंधातून सूट

वेड्यांच्या इस्पितळात दोन वर्षं उमेदवारी केली की मनोविकारांचा डॉक्टर म्हणून प्रमाणपत्र मिळे. त्याआधी मात्र एक संशोधनपर निबंध छापून द्यावा लागे. संशोधन या शब्दाचा तिथं फार दरारा होता. थंडीत रोग्यांना कांबळी पुरत नाहीत, हे कुणाला खटकत नसे. निबंधात विलायती पंडितांचे आधार कमी पडले, तर मुख्य डॉक्टरांचा दिवस वाईट जाई. आधीच्या उमेदवारांचे निबंध कपाटात होते. मी ते सगळे वाचले. गरीब रोग्यांमध्ये गरिबी अधिक आढळते, असा एकाचा निष्कर्ष होता, आणि त्याबद्दल त्याचं कौतुकही झालं होतं.

मी पत्रकांवर वाढलेला. बेचाळीस साली रहिमतपूरच्या बाजारात भाजीच्या पाट्यांखालून पत्रकं वाटली, त्यापायी तुरुंगात गेलो, सुटल्यावर डॉक्टरकी पुरी केली. खरं असेल ते छापावं आणि लपवणारा तो लबाड, एवढंच माझं शास्त्र होतं. म्हणून मुख्य डॉक्टरांनी विषय दिला तेव्हा मी खुशीत होतो. विषय होता, आटपाडीकडच्या मेंढपाळ घराण्यांत पिढीजात चालत येणारं वेड. ते असं चालत येतं, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. माझं काम फक्त पुरावा आणण्याचं. गावाचं नाव, घराण्याचं नाव, वंशावळ, सगळं छापायचं. आटपाडी त्यांनी नकाशावर पाहिली होती.

माझ्याकडे त्याच भागातला एक तरुण रोगी होता. एका उन्हाळ्यात त्याचं बोलणं बंद झालं, मग खाणं. आता तो सुधारला होता. इतर रोग्यांची चेष्टा करण्याइतका बरा झाला होता. त्याच्या म्हाताऱ्या बापाबरोबर मी त्यांच्या गावी गेलो. वेशीवरच एकानं हाक मारली.

"काय मामा, पलटणीतनं पोराचं पत्र आलं का न्हाई?"

"आलं की. बरा हाय."

मी चपापलो. पुढं गेल्यावर विचारलं, "मामा, गावाला खोटं सांगितलंत?"

"गावाला समदं ठावं हाय."

"मग पलटण कशाला?"

"इचारल्यावर कायतरी सांगाय लागतंय न्हवं?"

घरी म्हाताऱ्याच्या मुलीचं, माझ्या रोग्याच्या बहिणीचं, लग्न ठरलं होतं. नवऱ्या मुलाचे वडील, म्हणजे व्याही, त्याच दिवशी आले होते. डोक्यावर तांबडा पटका, आवाज वेशीपर्यंत जाईल असा. मी कोण, कुठला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. घोंगडीवर बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली.

"पोरगं कवा येतंय म्हणायचं? लढाई सरून साल झालं की."

"लढाई सरली, पर सायब सोडंना," म्हातारा म्हणाला आणि माझ्याकडं बघितलं.

"सायब लय कडक दिसतोय."

"कडक न्हाई. नवा हाय."

दोघंही हसले नाहीत. मला राहवत नव्हतं. ही लबाडी मोडावी, आजार म्हणजे पाप नव्हे असं चारचौघांत ठणकावून सांगावं, म्हणून मी घसा खाकरला. तोच व्याही उठले आणि मला गोठ्याकडं घेऊन गेले.

"पाव्हणं, तुमी शिकल्यालं दिसताय. तवा एक इनंती हाय. मला काय बी सांगू नगा."

"पण तुम्हाला तर माहीत..."

"न्हाई! मला काय ठावं न्हाई. तुमी सांगितलंसा की मला ठावं व्हईल. ठावं झालं की भावकी इचारंल, ठावं असून पोरगी कशी केली? मग मला न्हाई म्हणावं लागंल. पोरगी लय गुणाची हाय. माझ्या पोराच्या मनात भरलीया. तुमच्या एका शब्दापायी मोडू का?"

मी गप्प बसलो. आयुष्यात फार थोड्या वेळा बसलोय. परतीच्या मोटारीत धूळ खात एकच विचार करत होतो. मी वेशीवर ओरडलो असतो, तरी एखाद्या वेळी ते शब्द वाऱ्यावर गेले असते. छापलेला निबंध वाऱ्यावर जात नाही. भावकीतला एखादा शिकलेला पोरगा तो घेऊन दारात उभा राहिला, तर व्याह्यांना माहीत नाही म्हणायला जागा राहणार नव्हती.

मुख्य डॉक्टरांना म्हणालो, नावं गाळून लिहितो.

"नावं गाळली तर ते संशोधन नव्हे, कीर्तन," ते म्हणाले.

दुसरा रोगी घ्यावा, तर त्यालाही बहीण असणारच. म्हणून मी निबंधातूनच सूट मिळावी असा अर्ज केला. सूट काही दुर्मीळ नव्हती. सांगलीच्या एका बड्या घरातल्या उमेदवाराला युद्धसेवेबद्दल मिळाली होती. त्यानं सगळं युद्ध भरतीच्या छावणीत रंगरुटांचे घसे तपासण्यात घालवलं होतं. दुसऱ्याला दीर्घ आजाराबद्दल मिळाली. तो रोज संध्याकाळी टेनिस खेळे.

समिती सांगलीला बसली. तिघं होते, तिसरे आमचे मुख्य डॉक्टर. मधल्या गृहस्थांनी माझा अर्ज दोन बोटांनी उचलला.

"हा अर्ज आहे की पत्रक?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"तत्त्व हे कारण नियमात नाही."

"मग नियमात घाला."

दुसरे गृहस्थ दयाळू होते. "अहो, तुम्ही तुरुंगात होता ना? तिथलं अन्न ते काय! पोट कायमचं बिघडलं असेल. दीर्घ आजार लिहा आणि मोकळे व्हा."

"माझं पोट ठणठणीत आहे."

म्हणजे माझ्या तुरुंगवासाला त्यांच्या लेखी एवढीच किंमत होती, एक जुनाट हगवण! रंगरुटाच्या घशात डोकावणं ही देशसेवा आणि तुरुंग म्हणजे अपचन.

मुख्य डॉक्टर हसले. "मग तिसरंच कारण उरतं. उमेदवाराच्या अंगी संशोधनाची कुवत नाही. तसं तुम्ही लिहून द्यायचं, मी दुजोरा द्यायचा. प्रमाणपत्रावर तसा शेरा पडतो, जन्मभर राहतो." आणि मग समजुतीच्या सुरात, "त्यापेक्षा निबंध लिहा. हुशार आहात."

"मी अपात्र ठरलो, तर माझी टिपणं दुसऱ्या उमेदवाराला देणार?"

"अपात्र माणसानं गोळा केलेली माहिती कोण घेईल? विषयच बंद करावा लागेल."

"द्या दौत," मी म्हणालो.

पंधरा ओळींत मी स्वतःला ठोंब्या म्हणून सिद्ध केलं. इतकं मुद्देसूद मी कोणत्याच पत्रकात लिहिलं नव्हतं. मुख्य डॉक्टरांनी वाचून सही केली. असं लिहिणाऱ्याला ठोंब्या म्हणताना एकाच्याही भुवया उंचावल्या नाहीत. मुख्य डॉक्टरांकडे दिलेली टिपणं मी परत मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात म्हातारा मुलाला न्यायला आला. पोराला कोरं धोतर नेसवता नेसवता त्यानं विचारलं, "आवं डाक्तर, त्ये लिवायचं झालं का?"

"नाही जमलं, मामा. मला ते जमत नाही असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं."

म्हाताऱ्याला खरंच वाईट वाटलं. "एवढं शिकून? असू द्या. समद्यास्नी समदं कुठं येतंय?" मग पोराकडं वळून म्हणाला, "चल रं, हळद उद्या हाय. नवऱ्याचा कान पिळाय नवरीचा भाऊ पायजे."

"जोरात पिळू का?" पोरानं मला विचारलं.

"पीळ," मी म्हणालो. "सूट देऊ नकोस."